सतरा नंबरचा पांढरा बिल्ला

सोमवार, २ फेब्रुवारी

सगळ्यांत आधी आली ती समोरच्या चाळीतली रखमा. बसायच्या आधीच सांगून मोकळी, की आमच्याआधी या घरात राहायचे ते लोक बोंबील तळले की दार लावून घ्यायचे, शेजाऱ्याला वाटी द्यायला लागेल म्हणून! मी म्हटलं, बाई, आमचं दार उघडंच असतं, आमच्या ह्यांना, तात्यांना, ऐकू येत नाही, बेल वाजली तरी उठत नाहीत. तशी इतकी हसली की तिच्या हातातली उसळ सांडली. मग दोघींनी मिळून लादी पुसली. अशी आमची ओळख.

गिरगावातली आमची चाळ पाडायला घेतली, म्हणून पुष्करने आम्हा दोघांना इथे परळला, भोईवाड्यात आणलं. पुष्कर माझा नातू. आईबाप त्याचे नोकरीमागे ठाण्याला, हा माझ्याकडेच वाढला. शाळेत जाताना रस्ता ओलांडायचा तर माझं बोट इतकं घट्ट धरायचा की बोट पांढरं पडायचं. आता साडेपाच फूट झालाय आणि कंपनीत गाड्यांना बोलायला शिकवतो. खरंच. गाडी गाडीशी बोलते, सिग्नलशी बोलते, आता माणसाशीही बोलणार म्हणतो. मी विचारलं, बाबा रे, गाडीला काय एवढं सांगायचंय? तर म्हणाला, एवढंच, की माणूस येतंय, थांब.

ही डायरीही त्याच्याच ऑफिसची. लिही म्हणाला, करमेल. माझी चौथी झाली नाही, चुकलं तर चुकलं.

रखमाचं नवल सांगायचं राहिलं. नवरा गिरणीत होता, मागच्या दिवाळीत गेला. ही रोज सकाळी नऊला पेजेचं भांडं डोक्यावर घेऊन रस्त्यापलीकडे इस्पितळाच्या फुटपाथवर जाते. गावाहून आलेले पेशंटचे नातेवाईक बसलेले असतात, त्यांना पेज वाढते. मी म्हटलं, उद्यापासून मीही येते, लोणचं माझं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आज पुष्करच्या ऑफिसची माणसं आली. नूपुर मॅडम म्हणून आहेत, केस इतके बारीक कापलेले की आधी मला मुलगाच वाटला. त्यांच्याबरोबर एक फाईलवाला. मी पोहे केले, मॅडमनी दोनदा घेतले. म्हणजे वाईट माणूस नाही, असं मी तात्यांना ओरडून सांगितलं, ते मॅडमनीही ऐकलं.

काम असं. आमच्या रस्त्यावरून जाणाऱ्या साठ-सत्तर गाड्यांना, टॅक्सी, सामानाचे टेम्पो, यांना काळी डबी बसवलीय. आणि आम्हा चाळीस म्हाताऱ्यांच्या गळ्यात बिल्ला. माणूस रस्त्यात उतरला की बिल्ला डबीला सांगणार, गाडीवर निळा दिवा लागणार, ब्रेक आपोआप दाबला जाणार. तीन आठवड्यांची टेस्ट आहे. कागदावर सही केली. वाचला नाही, पुष्कर होताच की.

कुणाच्या बिल्ल्याला लाल दोरी, कुणाच्या पांढरी. माझी पांढरी, बिल्ल्यामागे सतरा नंबर. पुष्करने आपल्या हाताने माझ्या गळ्यात घातला. हात गार होते त्याचे. मी म्हटलं, अरे, वरमाला घालतोयस काय! सगळे हसले. तो नाही हसला, दमतो बिचारा.

शनिवार, ७ फेब्रुवारी

मनाला पटेना. माझा नवरा समोर पलंगावर धडधाकट बसलेला, आणि मी गळ्यात पांढरी दोरी घालून हिंडू? आणि तिकडे रखमाला दिली लाल. ती बिचारी पदराखाली लपवत होती. तिची जाऊ म्हणे बोललीच, वर्ष झालं नाही आणि लाल गोफ मिरवतेय. माझा नाही अशा बोलण्यावर विश्वास, पण लोकांची तोंडं कोण शिवणार?

मग काय, केली अदलाबदल. लाल मी घातली, पांढरी तिला दिली. तिला लांब होत होती, पेज वाढताना भांड्यात बुडायची, म्हणून मीच दोन पदर करून वर गाठ मारून दिली. आमच्या सासूबाई पोथीच्या फडक्याला मारायच्या तशी, ओढली तरी न सुटणारी. रखमा म्हणाली, नलूताई, आता मेले तरी निघायची नाही ही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

काय सांगू मजा! आम्ही दोघी फुटपाथवरून उतरलो, बिल्ला वाजला टिंग, आणि समोरचा टेम्पो निळा दिवा लावून जागच्या जागी उभा. मागे टॅक्सी, तीही उभी. ड्रायव्हरच दचकला. आयुष्यभर या मुंबईत गाड्यांनी आम्हाला पळवलं, आता आम्ही हळूबाईसारख्या चालतो आणि त्या बघत राहतात. रखमाने एक हात वर केला, ट्रॅफिक हवालदारासारखा. इस्पितळासमोरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिचा मात्र वाजत नाही. म्हणते, माझा मुका आहे, मालकीण बडबडी म्हणून.

संध्याकाळी चहा पिताना पुष्करला अदलाबदलीचं सांगितलं. त्याचा कप तोंडाशी तसाच राहिला. मग रखमामावशी कुठला घालते, त्याने विचारलं. म्हटलं, पांढरा. कप ठेवला, उठला, माझ्या गळ्यातली लाल दोरी नीट केली आणि म्हणाला, आजी, हाच घाल, आंघोळीलाही काढू नकोस. आणि ऑफिसात कुणाला बोलू नकोस. बराच वेळ माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. मी तात्यांना ओरडून सांगितलं, बघा, नातवाची माया बघा!

शनिवार, १४ फेब्रुवारी

रोज जातो. टिंग, निळा दिवा, गाडी उभी. आता आम्ही बघतही नाही. रखमा गप्पा मारत सरळ उतरते. काल म्हणाली, नातू असावा तर तुमच्यासारखा, आमच्यासारख्यांचा विचार करणारा. मी घरी येऊन त्याला सांगितलं. तो मोबाईल बघत होता, ऐकलं की नाही कोण जाणे.

सोमवार, १६ फेब्रुवारी

गुडघा सुजलाय. उद्या मी नाही येत, असा रखमाला निरोप दिला. ती म्हणाली, तुम्ही झोपा, मला काय भीती, गळ्यात आहे की.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

रखमा गेली.

नऊ वाजता. मी खिडकीतच होते. हात वर करून उतरली, नेहमीसारखी. टेम्पो डबीवालाच होता, काळी डबी मला दिसत होती. निळा दिवा लागला नाही. मी ओरडले. वरून कुठे ऐकू जाणार. तिने शेवटपर्यंत तिकडे पाहिलंसुद्धा नाही. हात वरच होता.

पेज सगळ्या रस्त्यावर.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

पुष्कर दोन दिवस घरी आला नाही. काम आहे म्हणाला. रखमाच्या चाळीत जाऊन बसले. तिची जाऊ माझ्या गळ्याकडे बघत होती.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

मॅडम आल्या, फाईलवाला आला, मागे पुष्कर. मला वाटलं, भेटायला आले असतील. रखमा कशी होती, तिचं कोण आहे, काही नाही. मॅडमनी माझा बिल्ला उलटा करून नंबर वाचला. मग फाईल. मग पुन्हा नंबर.

कागदावर रखमा लालवाली होती. लाल असून गाडी थांबली नाही, म्हणून ऑफिसात तीन दिवस कुणाला झोप नव्हती. मी म्हटलं, नाही हो, आम्ही बदलले होते. तर मॅडमनी डोळे मिटले आणि — मी खोटं लिहीत नाही — हसल्या. म्हणजे आपली वस्तू चुकलेली नाही, फाईलवाल्याला म्हणाल्या.

लाल काढून घेतला. पुष्करनेच काढला. हात तेव्हासारखेच गार.

पोहे केले नव्हते.

शनिवार, २१ फेब्रुवारी

सकाळी नऊ. खालच्या रस्त्यावर गाड्या थांबल्या. निळे दिवे. रस्त्यात कुणी नव्हतं.

पेजेचं भांडं डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ थांबल्या. मग निघाल्या.

रविवार, २२ फेब्रुवारी

आजही. नऊ.

जिवंत होती तेव्हा दिसली नाही त्यांना. आता दिसते.

सोमवार, २३ फेब्रुवारी

पुष्करला समोर बसवलं. रडला. सगळं सांगितलं.

लाल बोलका. पांढरा मुका, नुसता मोजतो. निम्म्यांना हा, निम्म्यांना तो, फरक बघायला. म्हाताऱ्यांना सांगायचं नाही. माझं नाव पांढऱ्यात निघालं ते त्याला सहा तारखेलाच माहीत होतं. घरच्या माणसाचा बदलला असता तर वशिला म्हणाले असते. तू कुठे फारशी बाहेर जातेस, म्हणाला.

गळ्यात घातलास तूच की रे.

मग मी विचारलं — नऊ तारखेला, चहा पिताना, रखमाच्या गळ्यात मुका गेलाय हे तुला कळलं ना. तू वाचलीस ना आजी, एवढंच म्हणाला.

त्याला वाटतं, मी यावर खूश व्हावं.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

परत येणार आहेत. कागदावर सही हवीय, की बिल्ले मी माझ्या मनाने बदलले, कंपनीचा दोष नाही. म्हणजे रखमाला मी मारलं. आणि टेस्टचे दिवस उरलेत, ते कागदावरच्या नावाप्रमाणे पुरे करायचे. पांढरा घालायचा.

नाही म्हटलं. पुष्कर म्हणाला, आजी, माझी नोकरी.

तात्यांना सांगितलं. ओरडून सांगितलं. ते म्हणाले, हो हो, गुणी पोर आहे.

आज नऊला गाड्या रस्त्यात नाही थांबल्या. आमच्या फाटकाशी थांबल्या.

बुधवार, २५ फेब्रुवारी

सकाळी निघताना पुष्करने टेबलावर पाकीट ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

पांढरा. मागे सतरा. दोरी धुतलेली, अजून ओलसर. वर गाठ. दोन पदरी.

माझी गाठ — मी मारलेली — तोच आणलाय, तिच्या गळ्यातून —

नऊ वाजलेत. खाली सगळ्या गाड्या उभ्या. निळे दिवे. ड्रायव्हर उतरून बघतायत, कुणी नाही. फाटक उघडं आहे.

जिन्यात पेजेचा वास.

टेबलावर — तो मुका आहे, पुष्कर म्हणाला होता मुका आहे — टिंग.

पुन्हा. टिंग.

पाकिटावर मॅडमचं अक्षर. गुरुवारी अकरा वाजता येतो, आजी. बिल्ला गळ्यात असू द्या. गुरुवार म्हणजे उद्या — दार उघडंच आहे आमचं, तात्यांना ऐकू येत नाही म्हणून दार नेहमी —