मलमवाल्याच्या दारावरून सात फेऱ्या

४ मार्च
मलमवाल्याच्या दुकानासमोरून आज सात फेऱ्या मारल्या. सातव्या फेरीला त्यानं मान खाली घातली — घाल! औषधांचं दुकान टाकलं म्हणून स्वतःला डॉक्टर समजतो. आमच्या ह्यांना शौचातून रक्त जायचं, तर वर्षभर मूळव्याधीचं मलम दिलं. म्हणे उष्णता आहे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. हे गेले.

दवाखान्यातली नर्स म्हणाली, रोज अर्धा तास झपझप चाला, असल्या कॅन्सरचा धोका कमी होतो. म्हटलं, चालते. रस्ता मात्र मी ठरवणार. शंभरी गाठीन आणि रोज त्याला तोंड दाखवीन.

९ मार्च
शेजारच्या तिघी सोबतीला आल्या. दुकान आलं की मी आवाज चढवते — रक्त दिसलं, पोटाची सवय बदलली, तर तपासून घ्या गं, मलम फासत बसू नका! दोन गिऱ्हाईकं माघारी फिरली. घरी येऊन दुप्पट जेवले.

१५ मार्च
आज त्याची बायकोच चालायला आली! विचारलं, नवऱ्यानं हेर म्हणून पाठवलं का? हसली. दुसऱ्या फेरीलाच दम लागला, खाली बसली. बाकीच्या पुढे गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, दोन महिने मलाही रक्त जातंय. हे मलम देतात. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "नवरा जाणता आहे तुझा. त्याचं ऐक."

१६ मार्च
आता कळेल त्याला.

१७ मार्च
ती आली नाही. बरंच झालं.

१९ मार्च
दोन दिवस घास उतरेना. तिच्या मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरत होतं, ह्यांचंही तसंच व्हायचं. सकाळी तडक दुकानात शिरले. चारचौघांसमोर म्हटलं, "शटर ओढ. बायकोला आजच्या आज मोठ्या डॉक्टरकडे ने."

"अहो वहिनी, साधी मूळव्याध —" म्हणता म्हणता त्याला आमचे हे आठवले असावेत. गल्ल्यावरची किल्ली उचलली.

शटर ओढताना कुलूप दोनदा खाली पाडलं त्यानं. तेवढ्यातही मजा वाटली मला. खोटं कशाला लिहू.

२ एप्रिल
मलमवाला घरी आला. गाठ लहान आहे, ऑपरेशननं निघेल म्हणाला. "वहिनी, तुम्ही लगेच सांगितलंत म्हणून." माझे हात धरून रडला. मी हात सोडवून घेतले.

मी दवडलेले ते चार दिवस तिनं त्याला सांगितलेले नाहीत.