सॅलमँडर बंद करण्याविषयी

तीर्थरूप दादांच्या पायांशी धाकट्याचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तसेच आहेत. शिवाय आता छातीत धडधडतं. डॉक्टर म्हणतात, ते काळजीमुळे. काळजी कशाची, हे मला सांगता येत नाही (याचीही काळजी वाटते). कारखान्यातल्या त्या प्रकारानंतर नऊ वर्षं तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत. तो विषय मी काढणार नाही. पत्राचं कारण वेगळंच आहे.

माझ्या पोरीने (जिला खांद्यावर बसवून तुम्ही भट्टी दाखवायला न्यायचात) छोटंसं हॉटेल काढलंय. तिथे स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक लोखंडी खोकं टांगलंय. त्यात वरून जाळ येतो आणि खालच्या ताटलीतला पदार्थ खरपूस होतो. त्याला म्हणे सॅलमँडर म्हणतात. ऐकलं आणि मी पोरीला ते नाव पुन्हा म्हणायला लावलं. आपली भट्टी थंड पडून तळाशी लोखंड थिजलं, तेव्हा मोठे साहेब त्या ढेकळाला हेच म्हणाले होते, आठवतं? मी तडक वाचनालय गाठलं आणि जाडा शब्दकोश काढला (चष्मा घरीच राहिला, म्हणून तिथल्या बाईंनी वाचून दाखवलं, जरा वैतागूनच). सॅलमँडर म्हणजे दिसायला पालीसारखा, पण जातीने बेडकाच्या जवळचा ओलसर प्राणी. शब्द ग्रीकांचा, त्यांनी कुठून आणला ते कोणालाच नक्की ठाऊक नाही. हा ओल्या ओंडक्यात लपायचा, ओंडका जाळात गेला की बाहेर पळायचा, आणि बघणारे म्हणायचे, हा आगीतच राहतो! म्हणून पुढे आगीजवळच्या वस्तूंना त्याचं नाव पडलं. बिचारा जीव वाचवायला पळत होता, दादा. (मला त्याच्याबद्दल फार वाटलं.)

परवा सकाळी पोरगी भाजी आणायला निघाली आणि म्हणाली, "बाबा, तेवढं सॅलमँडर बंद करा." तीस वर्षं भट्टीवर काढलेल्या माणसाला हे सांगायचं का? जाळ विझू द्यायचा नाही, हे आपल्या हाडांत मुरलेलं. मी तो फक्त बारीक केला आणि स्टूल टाकून राखण करत बसलो. वरच्या फळीवर प्लास्टिकचे सतरा नवे डबे होते, ते मी पाहिले नाहीत. ती परत आली तोवर त्यांचा एकच डबा झाला होता, आणि त्याला झाकण नव्हतं. मला वाटलं, आता माझी हकालपट्टी. पण ती कपाळाला हात लावून हसायलाच लागली. "अहो बाबा, ही काय तुमची भट्टी आहे? हे गार पडलं तरी दोन मिनिटांत पुन्हा तापतं!" मी घड्याळ लावून तीनदा पाहिलं. दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा

ता. क. : हॉटेल गुरुवारी सकाळी दहाला उघडतंय.

आणखी ता. क. : विषय काढणार नव्हतो, पण काढतो. त्या दुपारी जेवायला जाताना "भट्टीकडे बघ" असं तुम्ही मला बजावून गेला होतात. मला डुलकी लागली आणि भट्टी थंड पडली. मग साहेबांपुढे मी म्हणालो, दादा मला काही सांगून गेलेच नाहीत. आणि नोकरी तुमची गेली. तुम्ही सांगितलं होतं, दादा.

शेवटचा ता. क. : स्टुलं आता दोन आहेत. सॅलमँडर बंद करायचं काम पोरगी मला देत नाही. म्हणते, ते मोठ्या काकांचं. दहाची वेळ लोकांसाठी आहे. तुम्ही नऊलाच या.