मुठीतला पोपट

आदिलाबाद
११ डिसेंबर २०२५

प्रिय रश्मीवहिनी,

सविनय जय भीम. दादालाही सांगा, घेतला तर.

सगळं बदललं ते परवा दुपारी, फोनवर "तो पोपट काढ" हे ऐकलं तेव्हा.

फोन न करता लिहितोय, कारण तुमच्याकडे फोन वाजला की दादा स्पीकर लावतो, आणि कॉलेज सोडल्यापासून त्याच्यासमोर माझा आवाज निघत नाही. बाकी बरं आहे. थंडी पडलीय, तुम्ही दिलेलं स्वेटर घालतो. केबल चॅनलवर मराठी बातम्या वाचतो, खालची पट्टी टाइप करतो, मालक सुधाकररावांच्या शिव्या खातो.

तर परवा मार्केट यार्डातून चार वर्षांची सुनयना हरवली. आजोबा चंपतराव तिला घेऊन कापूस विकायला आले होते. काट्यावर गाडीचं वजन होईपर्यंत पोरगी गायब. ठाण्यात तक्रार देऊन ते रस्ता ओलांडून थेट आमच्या ऑफिसात आले.

आमची पद्धत ठरलेली आहे. फोटो आणि मजकूर ठाण्यातून येतो, आम्ही तेलुगू, मराठी, हिंदीत लावतो, नंबर फक्त पोलिसांचा. मनाचं काही घालायचं नाही. पण म्हातारा माझा हात सोडेना. पोरीच्या मुठीत निर्मल गावचा लाकडी पोपट आहे, झोपेतही सोडत नाही, तेवढं सांग म्हणे. मला पटलं. फोटोतलं लाल स्वेटर तर या थंडीत अर्ध्या आदिलाबादच्या अंगावर आहे. मी पोपट घातला आणि लावण्याआधी मजकूर वाचून दाखवायला ठाण्यात फोन केला.

कॉन्स्टेबल मॅडमनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "तो पोपट काढ."

माझं डोकं तुम्हाला ठाऊक आहे. "पोरगी हरवली अन् तुमी खूण लपवून राह्यल्या? काऊन?"

"आता ढिगानं फोन येतील. खरा कोणता, मले कशावरून कळन? एक खूण माझ्यापाशी राहू दे." मग जरा हळू, "ओरडून झालं असन तर लाव आता."

मी पोपट काढला, बातमी लावली, आणि दार आपटून भांडायला ठाण्यात गेलो.

भांडायला जागाच नव्हती. फोन थांबत नव्हता. कोणी लाल स्वेटरची पोर नागपूरच्या बसमध्ये पाहिलेली, कोणी दवाखान्यासमोर. मॅडम प्रत्येकाला एकच विचारायच्या, हातात काय होतं? एकानं बिस्किटाचा पुडा सांगितला, एकानं बाहुली. बसचं ऐकून मी पळायलाच निघालो होतो. त्यांनी मान वर न करता बाकाकडे बोट दाखवलं. वहिनी, मी बसलो. दादाला सांगू नका, त्याला खोटं वाटेल.

ऊन कलायला लागलं. शेजारी चंपतराव दुपट्ट्यात तोंड घालून बसले होते. अंधार पडल्यावर तिला फार भेव वाटते, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मग स्टेशनजवळ केळी विकणाऱ्या सोनाबाईंचा फोन आला. समोरच्या सलूनमधल्या टीव्हीवर त्यांनी आमची पट्टी पाहिली होती. हातात काय आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "काय हाय ते दिसत नाही बाई. मूठच उघडत नाही पोरगी. हिरवी शेपटी तेवढी बाहेर हाय."

शुभांगी खुर्ची पाडून उठली.

(कॉन्स्टेबल मॅडम लिहायचं होतं. राहू द्या आता.)

पोरगी रिकाम्या मेटाडोरमध्ये उरल्यासुरल्या कापसावर झोपली होती, आणि गाडी तिला घेऊन स्टेशनकडे गेली होती. आम्ही पोचलो तेव्हा ती एका हातानं केळं खात होती. शुभांगीनं पोपट बघू म्हटलं तर कडकडून चावली. चंपतराव हसत होते की रडत होते, सांगता येत नाही. म्हणाले, "चावली ना? मंग आमचीच हाय."

शुभांगी बोट चोळत मला म्हणाली, "पळ, फोटो उतरव. सापडलेल्या लेकराचा चेहरा कोणाले काऊन दाखवायचा?" मी पळालो. पडद्यावरचा फोटो उतरवला आणि वाचलं, "सुनयना सापडली आहे. आता शोधू नका." शेवटी आवाज फाटला. सुधाकररावांनी शिवी दिली नाही. पुन्हा एकदा वाच म्हणाले.

आता राहिलेलं. पोलिसांचा मजकूर वाचून दाखवायला मी गेले कित्येक महिने दोनदोनदा फोन का करतो, हे तिला आधीपासून माहीत होतं. परवा संध्याकाळी तिनंच विषय काढला. म्हणाली, "घरी तुझं काय सांगू? डिग्री अर्धी अन् राग पुरा?"

खोलीवर येईपर्यंत डोक्यात शिरलं नाही की ती घरी सांगणार आहे.

काल कॉलेजात जाऊन आलो. पुन्हा घेतात म्हणे. जानेवारीपासून बसतो, चॅनलचं काम संध्याकाळी.

दादाला कॉलेजचं जरूर सांगा. त्याच्याच बोलण्यानं मी सुधारलो असं त्याला वाटलं तर वाटू द्या. पण कशानं, ती खूण तूर्त तुमच्यापाशी राहू द्या.

तिची ड्युटी सुटली. खाली टपरीवर उभी आहे, दोनदा वर बघून झालं. पाकीट वाटेत पेटीत टाकतो. स्वेटर घातलं, दार ओढून घेऊन निघतोय. आज आपटत नाही.

तुमचा, अजून अर्धा,
हर्षदीप