दोनचा भोंगा, दुसरा बेस

२२ जानेवारी १९६२
हेडबाईंनी बेसबॉलचं नियमपुस्तक हातात ठेवलं. ‘तुम्ही इंग्रजीच्या एम.ए. रविवारच्या सामन्याला पंच तुम्हीच.’ मी आयुष्यात चेंडू झेललेला नाही!

२३ जानेवारी
अंगणात चार पाट मांडले: तीन बेस, चौथा होम; तिथं पोचलं की धाव. चेंडू जिवंत की मेलेला — सगळं यावर आहे. फाउल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला फटका, जमिनीवर पडला की चेंडू मेला. धावणारीनं मुकाट आपल्या पाटावर परतायचं. तोच फाउल कुणी झेलला तर जिवंत! पाटाला पाय लावून पुढं पळता येतं. तीनदा वाचलं. मग पळून पाहिलं. एक पाट मोडला.

२५ जानेवारी
मुलींना शिकवलं. शेवंताच्या शंका सगळ्यांत जास्त. ‘चेंडू मेला हे कोन सांगते, बाई?’ पंच. हात वर केला की मेला. तोवर जिवंत, पळायला मोकळीक.
कारखान्याच्या दोनच्या भोंग्याला हात वर करून सराव थांबवला. पहिली पाळी सुटते; मुलींना वडिलांचं ताट वाढायचं असतं.
रायपूरच्या बेसबॉल शिबिराला शेवंताची निवड झाली आहे. तिचे वडील देवाजी कारखान्यात भट्टीवर कामाला. म्हणतात, रविवारी जिंकली तरच पाठवीन.

२८ जानेवारी
बरोबरी. शेवटचा डाव, आमच्या दोघी बाद, तिसरी गेली की डाव संपला; शेवंता दुसऱ्या बेसवर. भोंगा! समोरच्या मुली चपला शोधायला निघाल्या. चेंडू टाकणारी पिचर तो हातात धरून उभी, नजर रस्त्यावरच्या सायकलींवर. शेवंता पळाली. तिसरा बेस — होम!
त्यांच्या शाळेच्या कमलिनीबाई तणतणत आल्या. ‘भोंग्यावर खेळ थांबतो!’ पुस्तक उघडलं. भोंगा कुठंच नाही. धाव दिली, जिंकलो.
देवाजी रात्रपाळी करून न झोपताच आलेले. ओरडले, ‘भोंग्यानं मानसं बदलतेत बाई, भट्टी नाही थांबत!’

२९ जानेवारी
शेवंता दारात. आत येईना.
‘बाई, भोंगा झाला तवा तुमी हात वर केला होता. मी तिसऱ्यावर पोचली नव्हती.’
आठवलं. रोजची सवय!
‘मंग चेंडू मेलाच होता ना?’
‘हो.’
‘बाबाले सांगतलं. सायकल काढून पाळीवर गेले.’
कमलिनीबाईंना चिठ्ठी पाठवली. जिथं थांबलं, तिथूनच पुन्हा खेळू.

३१ जानेवारी
शेवंता तिसऱ्या बेसवर बाद. जादा डावात एका धावेनं हरलो.
संध्याकाळी देवाजी फाटकाशी. सायकलवर पत्र्याची ट्रंक, वर शेवंताचं नाव, रंग ओला.
‘बाई, रायपूरची गाडी कितीले?’