चार ते पाच

४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. यातली विनंती शेवटी करीन, विशेष मात्र आत्ताच सांगते.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. आमच्या पाच इमारतींचं पाणी महिनाअखेरीला तोडण्याची नोटीस लागली आहे. मालकाला जागा रिकामी हवी आहे आणि पाणी कार्यालयातले साहेब त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. नळ बंद झाले की चारशे माणसं आपसूक उठून जातील, असा डाव आहे. भाडेकरू संघटनेनं मला चिटणीस केलंय. आपल्या घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबांनी माझा दाखला भिंतीवर टांगला. तो खाली उतरवून कामाला लावायची वेळ हीच, असं मला वाटतं. सकाळी सह्या, दुपारी अर्ज, संध्याकाळी जिन्याजिन्यात बैठका. जेवण उभ्यानंच होतं.

पण आत्या, पाणी कुठंतरी मुरतंय. साहेबांना न कळवता गाठायचं, असं आम्ही दोनदा ठरवलं. ठरलं की मीच सुटते; माणसांना निरोप, कापडी फलक, भोंगे, सगळं एका दमात उरकते. दोन्ही वेळा आम्ही पोचलो तेव्हा फाटकाला कुलूप, साहेब दौऱ्यावर आणि दाराशी पोलिसांची गाडी. कुणीतरी आधी सांगतंय.

मला एकाच व्यक्तीचा संशय येतो. आमच्या समितीत एक निवृत्त बाई आहेत. तीस वर्षं टेलिफोन कचेरीत होत्या, म्हणून सगळे त्यांना टेलिफोनबाई म्हणतात. संघटनेच्या कार्यालयाच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. बोलतात कमी, ऐकतात फार. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणंच जोडून दिलंय ना! रोज चारच्या ठोक्याला हातातलं काम तसंच टाकून उठतात आणि पाचला परत येतात. कुठं जाता विचारलं तर हसतात. या आठवड्यात त्यांनी मला दोनदा जिन्यात अडवलं. पाच मिनिटं बस, एक सांगायचंय, म्हणाल्या. मी काय कच्ची आहे? आता काय ठरलंय ते काढून घ्यायचं असणार. नंतर बघू म्हणून मी निघून आले.

विनंती एवढीच, की हे टेलिफोनबाईंचं बाबांना सांगू नकोस. तुझा लोभ माझ्यावर आहेच, तो जरा माझ्या संशयावरही असू दे.
तुझी,
भिंगरी


९ मार्च

चि. भिंगरी,
अ. उ. आ. बाकावर बसून लिहिते आहे म्हणून माझं अक्षर सरळ आहे. तुझं पत्र तू चालताना लिहिलंस का? दोन ओळी चढाला लागल्यात आणि एक उताराला.

आम्ही सगळे बरे. तुझे बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला तुझ्या नोटिशीची गोष्ट सांगतात आणि शेवटी नोटीस तूच काढलीस असं ऐकणाऱ्याला वाटतं. आमच्या इस्पितळाच्या लाँड्रीत नवीन मुकादम आलाय. त्याचा जावई तुमच्याच पाणी कार्यालयात लागलाय म्हणे, म्हणून तो स्वतःलाही साहेबच समजतो. माझं काम तेच. धुतलेल्या चादरी तपासायच्या, फाटलेल्या बाजूला काढायच्या. नव्या मुली चादरीवर भराभर हात फिरवतात आणि धड आहे म्हणून पुढं सारतात. मी ती खिडकीसमोर टांगते आणि जरा वेळ नुसती उभी राहते. मग भोक आपण होऊन दिसतं. मुकादमाला वाटतं, मी झोपा काढते.

तुझ्या टेलिफोनबाईंचं मला कळलं नाही. एक बाई रोज तासभर जाते यात तुला फितुरी दिसते आणि उभ्यानं जेवण्यात काहीच वावगं दिसत नाही? त्या काय सांगत होत्या ते ऐकून तरी घ्यायचं होतंस. पाच मिनिटं मागितली होती, पाच इमारती नव्हेत.

पोटभर जेव. बसून जेव. लोभ आहेच, तो तुला टोचत असेल तर टोचू दे.
तुझी,
आत्या


१३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. तुझ्या चादरींचं ठीक आहे, चादरी खोटं बोलत नाहीत.

मंगळवारी चार वाजता मी टेलिफोनबाईंच्या मागं गेले. पाणी कार्यालयाच्या मागच्या गल्लीत एक जुनं वाचनालय आहे, तिथं पहिल्या मजल्यावर गेल्या. मी समोरच्या भोंगेवाल्याच्या हातगाडीआड त्याच्या दुकानाला पाठ करून उभी राहिले. बाई वरच्या खिडकीत येऊन बसल्या. हातात पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही. नुसत्या बाहेर बघत होत्या. पाव तासानं पाणी कार्यालयाचा शिपाई आला आणि बरोबर त्या खिडकीखाली थांबला. समोर बघत त्यानं कानामागची पेन्सिल काढली, तळहातावर काहीतरी लिहिलं आणि गेला! वरून काय खूण झाली ते मला दिसलं नाही, पण झाली असणारच. नाहीतर तो तिथंच कशाला थांबेल?

त्याच संध्याकाळी समितीची बैठक झाली, पन्नासेक माणसं होती. आमचे अध्यक्ष म्हणजे सुतारकाका. त्यांनी बाईंना सरळ विचारलं, की रोज तिथं काय करता. बाई म्हणाल्या, बसते. काकांनी पुन्हा विचारलं, की बसून काय करता. बाई म्हणाल्या, बसतेच. लोक हसले. बाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, जणू काही बोलणार होत्या, पण बोलल्या नाहीत. त्यांना समितीतून काढायचं ठरलं. ठराव मीच लिहिला. फितुरीचा दाट संशय, असे शब्द घातले. जाताना त्यांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि बरोबर एक बंद पाकीट. पुढचा मोर्चा ठरवण्याआधी वाच, म्हणाल्या. मी ते टेबलाच्या खणात टाकून दिलं. आपली बाजू सावरण्यासाठी चार पानं रडगाणं लिहिलेलं असणार. कुणाला वेळ आहे?

आता मोकळं वाटतंय. येत्या गुरुवारी, म्हणजे वीस तारखेला, सकाळी दहाला आम्ही पुन्हा जाणार. या खेपेला फक्त सुतारकाकांना आणि मला माहीत आहे, आणि आता तुला. बाकीच्यांना त्याच दिवशी सकाळी सांगणार. पत्र टाकायला निघालेच आहे, वाटेत भोंगेही सांगून टाकते.

तुझा लोभ तेवढा भक्कम ठेव, बाकी मी बघून घेईन.
तुझी,
भिंगरी


१७ मार्च

चि. भिंगरी,
अ. उ. आ. पण आज हात जरा आखडता घेते.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एका म्हाताऱ्या बाईचं तू पन्नास माणसांत हसं केलंस, आणि का, तर ती खिडकीत बसली म्हणून. शिपाई समोर बघत होता, असं तूच लिहितेस. समोर बघणाऱ्याला डोक्यावरच्या खिडकीतली खूण कशी दिसेल ग? मी सातवी शिकलेली. मला एवढंच विचारावंसं वाटलं.

आणि त्या पाकिटात काय आहे ते बघितल्याशिवाय तुला कसं कळलं? पदवीला हा विषय होता का?

रागावलीस तरी चालेल, उत्तर पाठव. लोभ कमी झालेला नाही, फक्त आज मांडीवर घेऊन बसलेला नाही.
आत्या


२२ मार्च

ती. आत्यास,
नमस्कार.

गुरुवारी फाटकाला पुन्हा कुलूप होतं. पोलिसांच्या गाड्या एकाऐवजी दोन.

सांगणाऱ्या टेलिफोनबाई नव्हत्या. त्यांना काही माहीत असणं शक्य नाही. सुतारकाकांच्या तीन पिढ्या त्याच इमारतीत आहेत, ते आपल्याच घराचं पाणी तोडणार नाहीत. दोन रात्री विचार केला. आता प्रत्येकाच्या तोंडाकडे बघताना मनात पाल चुकचुकते. दूधवाला दार वाजवतो तरी वाटतं, हा काय बघायला आला. म्हणून लिहायला हात धजत नाही, पण लिहितेच. वार आणि वेळ मी कागदावर फक्त एकाच ठिकाणी लिहिली होती, तुझ्या पत्रात. तुमच्या मुकादमाचा जावई पाणी कार्यालयात आहे, हेही तूच कळवलं होतंस. आत्या, बोलता बोलता तू कुणाला सांगितलंस का? मुद्दाम नाही म्हणत मी. सहज, चादरी टांगताना?

नोटिशीची मुदत संपायला नऊ दिवस उरलेत. खरं काय ते कळव.
भिंगरी


२५ मार्च

भिंगरी,
तुझी सगळी पत्रं सोबत परत पाठवते आहे. जपून ठेवली होती, चुरगळली होती ती इस्त्री करून ठेवली होती. मी ती कुणाला वाचून दाखवली नाहीत. तुझ्या बाबांनासुद्धा नाही, कारण तूच नको म्हणाली होतीस.

मी रागावले आहे, पण ते नंतर. आधी एक कर. चार वाजता त्या वाचनालयात जा, ती बाई बसायची त्याच खुर्चीत बस आणि स्वतःची पत्रं सावकाश वाच. कुणाचा संशय घेऊ नकोस, माझाही नाही. आणि पाचच्या आत उठू नकोस. चादर हलवलीस तर भोक दिसणार नाही.

खाली लोभाची ओळ घालायची आज इच्छा नाही. ती आहे असं धर.
आत्या


२९ मार्च

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार. संक्षेपात नाही, पूर्ण.

गुरुवारी चारला गेले. पहिली दहा मिनिटं पाय हलत होते. सह्यांचे कागद राहिले, अर्ज राहिला, एवढंच डोक्यात फिरत होतं. मग पत्रं वाचली. माझ्याच अक्षरात दोनदा भोंगे आले होते. एकदा एका दमात उरकताना, एकदा पत्र टाकायला जाताना. वाचूनही डोक्यात काही पेटलं नाही. दमून मान वर केली आणि खिडकीबाहेर बघितलं.

समोर भोंगेवाल्याचं दुकान. दुकानाबाहेर एक मोठा काळा फळा. कुठला माल कुठं न्यायचा ते गाडी भरणाऱ्यांना कळावं म्हणून तो त्यावर पुढच्या कामांची नोंद लिहितो. वळणदार अक्षर आहे मेल्याचं, वरच्या मजल्यावरूनही वाचता येतं. मागच्या आठवड्यातली ओळ अजून पुसली नव्हती. गुरुवार, सकाळी दहा, पाणी कार्यालयाचं फाटक, भाडेकरू संघटना, भोंगे दोन. आणि आत्या, त्यापुढे ‘गाडी वेळेवर हवी’ असंही लिहिलं होतं. ते मीच बजावून सांगितलं होतं.

तेवढ्यात तो शिपाई आला, खिडकीखाली थांबला, फळा वाचला. आमचं काही नाही बघून गेला. त्या दिवशी मी हातगाडीआड उभी होते तेव्हा हा फळा माझ्या पाठीला लागून होता, आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी मोर्च्याची ओळ उतरवून घेत असणार.

पाचला उठले. उठवेनाच खरं तर. संघटनेच्या कार्यालयात जाऊन खणातलं पाकीट फोडलं. चार पानं नव्हती, चिठ्ठी होती, बैठकीच्या आदल्या दिवशीची. ती इथं उतरवते:

१० मार्च. चि. भिंगरी, आशीर्वाद. दोनदा जिन्यात थांबवलं, तुला वेळ नव्हता, म्हणून लिहिते. भोंगेवाल्याच्या फळ्यावर तू आपला बेत जाहीर करतेस आणि पाणी कार्यालयाचा शिपाई तो रोज उतरवून नेतो. मी तिथं बसते म्हणून दिसलं. दुसऱ्या कुणाला सांगत नाही, तू नवीन आहेस, लोक तुझ्यावर तुटून पडतील. भोंगे सांगू नकोस, एवढंच पुरे. कधीतरी पाच मिनिटं बसत जा.

शुक्रवारी आम्ही भोंग्यांशिवाय गेलो. ना घोषणा, ना फलक. चाळीस जण जिना चढून गेलो तर साहेब खुर्चीत होते, नखं कापत. पळायला वाट नव्हती, तेव्हा त्यांनी तीन महिन्यांची मुदत लिहून दिली. खाली आल्यावर सगळे मला खांद्यावर घ्यायला निघाले. मी घेऊ दिलं नाही.

त्याच संध्याकाळी बैठक बोलावली आणि चिठ्ठी वाचून दाखवली. दोघं म्हणाले, जिंकलोय, आता कशाला उकरायचं. मी ठरावाची वही काढली, फितुरीच्या ओळीवर रेघ मारली, खाली लिहिलं की बेत चिटणिसाच्या घाईमुळे बाहेर गेला, आणि सही केली. सुतारकाकांनी रेघ वाकडी आली म्हणून पट्टी पुढं केली.

बाईंना माफीचं पत्र काल रात्रीच त्यांच्या दाराखालून सरकवलंय. तुझी माफी इथंच मागते. चादरी टांगताना असं लिहिलं होतं मी, ते मला आता वाचवत नाही. तुझ्या लोभाची ओळ मी धरली आहे, सोडणार नाही.
तुझी,
भिंगरी

ता. क. बाईंचं कार्ड आत्ताच आलं. तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही, म्हणून पत्र बंद करण्याआधी तेही उतरवते:

भिंगरी, आशीर्वाद. माफीपत्र मिळालं. अक्षर घाईचं आहे, दोन शब्द लागले नाहीत, ते चांगलेच असतील असं समजते. सभेत मी बोलले नाही ते तुझ्यासाठी. तू चिठ्ठी वाचशील असं धरून चालले, ते माझं चुकलं. किल्ल्या तुझ्याकडेच राहू देत, मी समितीत परत येणार नाही. पन्नास माणसं हसली ते अजून कानात आहे आणि माझे कान जुने असले तरी पक्के आहेत. चारला खिडकीजवळ दुसरी खुर्ची ठेवायला सांगितली आहे. आलीस तर बोलू नकोस. आणि येणार असशील तर फळ्यावर लिहू नकोस.