दोन्ही पाय उजवे

४ जुलै, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद ते काम करणाऱ्यानेच ठेवलेली बरी. दुसरे लोक चुका करतात.

काम असं. आमच्या डोंगरापलीकडे आरेनीच्या गुहेत साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा चामड्याचा बूट सापडलाय. इतका जुना बूट जगात दुसरा नाही म्हणतात. घालणारा माणूस बहुतेक आमच्याच गावचा. बहुधा आमच्याच घराण्यातला. कपाळ माझ्यासारखंच असणार.

संकल्प: आरेनीत ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या वाइन महोत्सवाला त्या माणसाच्या वेशात गावापासून गुहेपर्यंत पायी जायचं. पायात गाईच्या कातड्याचे बूट, अंगात मेंढीचं कातडं, खांद्यावर गवताची झूल. सगळं स्वतः करायचं. जुन्या पद्धतीने. एकही आधुनिक वस्तू नाही.

मी गावच्या सांस्कृतिक भवनाचा संचालक. भवनात हल्ली कार्यक्रम होत नाहीत, म्हणून वेळ आहे. पंचायत हे भवन बंद करून त्याचा हॉल शेजारच्या गार्सेवानला वाइनची पिंपं ठेवायला देणार, अशी कुजबुज आहे. माझी पदयात्रा टीव्हीवर आली की कुणाची हिंमत होते ते बघतो.

सिरानुशला सांगितलं. ती टोमॅटो बरणीत भरत होती. म्हणाली, हमो, आधी छपराचं पन्हाळं बसव. बायकोला इतिहासात रस नाही. तिचा दोष नाही, संस्कार नाहीत.

९ जुलै
गाईचं कातडं आणलं. केस सुटावेत म्हणून बाथटबमध्ये राखेच्या पाण्यात भिजत घातलं. सिरानुशने विचारलं, आंघोळ कुठे करायची? म्हटलं, नदी आहे की. त्या काळी सगळे नदीवरच जायचे. तिने टॉवेल उचलला आणि दार आपटून गेली. पटलं असावं.

१३ जुलै
वास येतोय, पण वाईट म्हणता येणार नाही. पुरातन आहे.
गार्सेवान भिंतीवरून ओरडला, हमो जान, तुझ्याकडे कोण गेलं? म्हटलं, प्रयोग चालू आहे. म्हणाला, मग प्रयोगाला आजच पूर, उद्या फार उशीर होईल. जळतो. त्याच्याकडे द्राक्षं आहेत, दुकान आहे, दोन गाढवं आहेत. ध्येय कुठे आहे?

१९ जुलै
कातडं मऊ करायला जनावराचा मेंदू चोळतात. खाटकाकडून मेंदू आणून फ्रिजमध्ये ठेवला. (फ्रिज आधुनिक आहे, पण मेंदूला ते कुठे माहीत?) उद्या सकाळी चोळायचा.

१९ जुलै, जेवण झाल्यावर
सिरानुशने आज अंडी घालून काहीतरी फारच मऊ परतलं होतं. लवाश रोटीत गुंडाळून दोनदा घेतलं. बऱ्याच वर्षांनी तिच्या हाताचं मनापासून कौतुक केलं. नंतर फ्रिज उघडला.
म्हणाली, मला काय माहीत, मी समजले या घरात एकदा तरी जेवायचं म्हणून काही आणलंस.
पूर्वजही उपाशीपोटी कामाला लागत नसणार. खाटकाकडे पुन्हा जायला हवं.

३ ऑगस्ट
कातडं धुरावर टांगलं. अर्धं गाव जमलं. कौतुक बघायला आलेत असं वाटलं. प्रत्येकाच्या हातात लवाश होती आणि गार्सेवानच्या हातात व्होडका. अंगणात धूर म्हणजे मटण भाजतोय, अशी समजूत. सांगूनही पटेना. गार्सेवानने वांगी आणून निखाऱ्यात घातली. त्याच्या काकांनी सुरी खुपसून शिजलंय का पाहिलं आणि वरून मीठ टाकलं.
कातड्याला एक भोक पडलंय. हवा खेळती राहील.

११ ऑगस्ट
दोऱ्यासाठी झुडपांच्या साली सोलल्या. अंगाला लागली की आग होते ती वनस्पती. हात सुजलेत, पेन धरवत नाही. हाडाची सुई पहिल्याच टाक्याला मोडली. शेवटी सिरानुशच्या डब्यातला नायलॉनचा दोरा घेतला. यात तडजोड काहीच नाही. नायलॉन पेट्रोलियमपासून होतो आणि पेट्रोलियम कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवांपासून. म्हणजे माझा दोरा त्या मूळ बुटापेक्षा जुना.

२० ऑगस्ट
बूट तयार! म्युझियमच्या पोस्टरवरून आकार काढला होता. एकाच तुकड्याचा, पुढून चामड्याच्या नाडीने आवळलेला, आत गवत.
सिरानुश चष्मा लावून बघत म्हणाली, अरे हमो, दोन्ही उजवे झालेत.
म्हटलं, गुहेत उजवाच सापडलाय. डाव्याला पुरावा नाही. मी पुराव्याशिवाय टाका घालत नाही.
तिने चष्मा काढला, पुसला आणि बूट पुन्हा पाहिले. पुराव्यापुढे माणूस असंच करतो.

२७ ऑगस्ट
तो बूट मेंढ्यांच्या लेंड्यांच्या थराखाली होता म्हणून इतकी हजार वर्षं टिकला. हे वाचलं आणि उशीर केला नाही. दोन पोती लेंड्या आणल्या. कोरडी जागा घरात एकच, बेडरूममधली सिरानुशची पेटी. कपडे बाहेर काढून बूट आत पुरले.

संध्याकाळी सिरानुश येघेगनाझोर शहरात बहिणीकडे गेली. हवापालट. दारातून म्हणाली, तू गेलास ना, की पाच हजार वर्षांनी कुणीतरी तुला उकरून काढेल, नीट बघेल आणि परत पुरेल.
जाताना इस्त्री, मोठी कढई आणि थंडीचा कोट नेला. ऑगस्टमध्ये कोट! बायकांचं पॅकिंग.

८ सप्टेंबर
सिरानुशला फोन केला. बहिणीने घेतला. म्हणाली, ती अंजिराचा जॅम करतेय आणि गातेय, बोलवू का? म्हटलं, नको. दुःख लपवायला माणूस गातो. तिला त्रास कशाला.
रात्रीचं जेवण: शिळी लवाश, चीज. काल: चीज, शिळी लवाश.

१६ सप्टेंबर
टीव्हीवरच्या आर्पिकबाई येऊन गेल्या. पहिला प्रश्न, हे गंमत म्हणून करताय ना? म्हटलं, बाई, हे राष्ट्रकार्य आहे. त्यांनी मान डोलावली आणि नाकाला रुमाल लावला. भावुक झाल्या असाव्यात. महोत्सवाच्या दिवशी कॅमेरा पाठवणार आहेत, वाटेवर कुठेतरी भेटेल.

३ ऑक्टोबर
झूल विणून झाली. वाळत घातली होती, गार्सेवानच्या गाढवाने मागची बाजू खाल्ली. गार्सेवान म्हणाला, माफ कर हमो, त्याला कुठे कळतंय, ते झुलीला गवताची गंजी समजलं. मुद्दाम सोडलं होतं. हरकत नाही. समोरून मी संपूर्ण ऐतिहासिक आहे.

५ ऑक्टोबर
आज महोत्सव. आडवा पडून लिहितोय.

सकाळी निघालो. निरोप द्यायला गार्सेवान होता आणि त्याचं गाढव, ते मागून वास घेत होतं. दवाने बूट भिजले आणि पसरले. ऊन चढलं तसे वाळून आवळले. डाव्या पायातला उजवा बूट मला सतत एका बाजूला ओढत होता. पाऊलवाट सोडून मी दोनदा जर्दाळूच्या बागेत शिरलो. कातड्यात भयंकर उकडत होतं. पूर्वज थंडीत चालत असणार. हा तपशील कुठे छापलेला नाही.

खिंडीत कळप भेटला. सोबत वासरांएवढे दोन कुत्रे. त्यांनी मला हुंगलं. माझ्या अंगाला मेंढीचा वास, पायाला लेंड्यांचा. ते भुंकले नाहीत, चावले नाहीत. मला मागून ढकलत कळपात घातलं. बाहेर पडायला गेलो की पोटरीला नाक लावून परत आत. कळप चालला होता गुहेच्या उलट दिशेला. मेंढपाळाला हाका मारल्या. त्याने वळून पाहिलं, छातीवर क्रूस काढला आणि पुढे झाला.

अशी किती वाट चाललो, कोण जाणे. सिरानुशच्या मेव्हण्याची निवा गाडी आली. ते सगळे महोत्सवाला निघाले होते. सिरानुशने काच खाली केली, मेंढ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, तो तिसरा आमचा.
मग मला म्हणाली, हमो, बस गाडीत.
म्हटलं, आधुनिक वाहन वर्ज्य आहे.
म्हणाली, कुत्र्यांना सांग ते.
बसलो.

दवाखान्यात बूट निघेनात. मोठ्या कात्रीने कापले. दोन्ही. नर्सने ते बादलीत टाकले तेव्हा मी छताकडे बघत होतो. सिरानुशने माझे पाय मांडीवर घेतले आणि बोटांमधलं गवत काडी काडी करून काढलं. तिने मान खाली घातली होती, खांदे हलत होते. मला भरून आलं. म्हटलं, रडू नकोस, होईल सगळं ठीक. तिने तोंड वर केलं. हसत होती. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं.
घरी सोडून ती बहिणीकडे परत गेली. म्हणाली, बाथटब घासला की कळव.

७ ऑक्टोबर
टीव्हीवर आलो! आर्पिकबाईंच्या कार्यक्रमात शेवटी खिंडीतला कळप दाखवला, लांबून. खाली अक्षरं होती: आपला पारंपरिक मेंढीपालन व्यवसाय. उजव्या कडेला जी मेंढी दोन पायांवर आहे, तो मी. लक्ष देऊन पाहिलं तर कळतं.

१४ ऑक्टोबर
पंचायतीचा निर्णय झाला. हॉल गार्सेवानला. मी स्वतःहून संमती दिली. सही केली तेव्हा पिंपं आत लावून झाली होती.
गार्सेवान सज्जन माणूस आहे, हे मी नेहमीच म्हणत आलोय. त्याने मला दुकानासमोर नेमलंय. प्रागैतिहासिक विभागप्रमुख. हुद्दा मी ठरवला. तो म्हणाला, तुला काय म्हणायचं ते म्हण, फक्त तुझं ते कातडं आणू नकोस, गिऱ्हाईक पळेल. त्याने राजधानीतून, येरेव्हानच्या बाजारातून तयार वेश आणलाय. बिबट्याच्या ठिपक्यांचा, पॉलिस्टरचा. सोबत फुगवायचा सोटा. आमच्या डोंगरात बिबटे आहेतच, त्यामुळे शास्त्रीय आक्षेप घेता येत नाही. थंडी मात्र वाजते.

२० ऑक्टोबर
बाथटब घासला. सिरानुश आली. इस्त्री, कढई आणली. कोट आणला नाही. म्हणाली, राहू दे तिथे, लागेल.

२६ ऑक्टोबर
आज दुकानात परदेशी विद्यापीठाच्या एक प्राध्यापकबाई आल्या. प्राचीन वस्त्रं आणि पादत्राणं हाच त्यांचा तीस वर्षांचा अभ्यास, गार्सेवान कानात कुजबुजला. वाइन घेऊन बाहेर आल्या आणि नेमक्या माझ्यासमोर थांबल्या. मी सोटा खाली ठेवला. कातडं कमावण्यापासून सुरुवात करायची की गवतापासून, मनात ठरवत होतो. त्या जवळ आल्या. हळू आवाजात विचारलं, टॉयलेट कुठे आहे?
मागे, पिंपांच्या पलीकडे, असं मी सविस्तर सांगितलं.
येताना त्या माझ्याकडे न बघता गेल्या. विचारात असाव्यात.