मागच्या गाडीचा ब्रेक

अब्बा, तुमच्या दुकानात महिनाभर एक नाव उभी होती. सतरा फुटी, फायबरची, निळी. नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावांना नर्स आणि औषधं पोचवणाऱ्या एका संस्थेची. इंजिनाचं किंवा तळाचं काम निघालं की तिला सातपुड्याचा घाट उतरून नंदुरबारला आणावं लागतं आणि काम झालं की पुन्हा पलीकडे नेऊन पाण्यात सोडावं लागतं. त्यासाठी त्यांना पिकअपमागे जोडायची दोनचाकी गाडी हवी होती. नावेसकट वजन दीड टन. तुम्ही याच्या तिप्पट माल वाहणाऱ्या ट्रॉल्या केल्यात, तेव्हा तुमच्या लेखी हे किरकोळ काम. तुमच्यामागे दुकान सांभाळणाऱ्या चाचांनीही तसंच धरलं होतं. माझ्या ड्रॉइंगमध्ये ब्रेकचे पाइप पाहून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पिकअपला ब्रेक आहे ना? चलता है, बेटा."

"चलता तो है, चाचा. रुकता है क्या?"

संस्थेचा ड्रायव्हर तिथेच स्टुलावर चहा पीत होता. धडगावकडचा माणूस, नाव आणि पिकअप दोन्ही तोच चालवतो. तो म्हणाला, "ताई बरोबर बोलते. आमची नाव पाण्यात कधी बुडाली नाही. बुडाली तर घाटातच बुडेल." चाचा हसले, मीही थोडी हसले. पण घाटात ती पाठीशी घेऊन उतरणार तो होता, आणि 'योग्य आहे' म्हणून कागदावर सही करणार मी होते.

हाच प्रश्न मी तुम्हाला पूर्वी विचारला होता. मी अकरा वर्षांची असेन. दुकानात एक गिऱ्हाईक नव्या ट्रॉलीची चाकं लाथ मारून बघत होतं आणि मी त्याच्यासमोरच विचारलं, हिला ब्रेक का नाही? तुम्ही वेल्डिंगचा पडदा तोंडावरून काढला नाहीत, काम थांबवलं नाहीत. "जो खींचता है, ब्रेक उसका," एवढंच म्हणालात. गिऱ्हाईक मात्र खूष झालं. "मिस्तरी, हाई पोर तुम्हना धंदा बसाडी दी!" संध्याकाळी स्वयंपाकघरात, अम्मी भाकऱ्या करत असताना, तुम्ही मला बजावलंत की गिऱ्हाइकासमोर मालाचं न्यून काढायचं नाही. आवाज चढवला नाहीत. दुसऱ्या दिवशी एका जुन्या जीपचा ब्रेक सिलिंडर माझ्यापुढे आणून ठेवलात. "खोल के देख." मी तो तिथेच, स्वयंपाकघरात, अम्मीच्या हिरव्या पेटीवर ठेवून उघडला. आतलं तेल सांडलं आणि पेटीचा रंग सालपटासारखा निघाला. अम्मी आजही त्या पेटीवर त्या जागी कापड घालून ठेवते. माझं शिक्षण कुठून सुरू झालं असं कोणी विचारलं तर मी कॉलेजचं नाव सांगते.

आता निवड कशी केली ते सांगते. दुकानात मला शेवटपर्यंत ऐकून घेणारं कोणी नाही, आणि तुम्हाला अर्ध्यावर उठून जाता येणार नाही. पहिला प्रकार वजनाने लागणारा. पुढची गाडी मंदावली की मागची तिच्यावर रेलते, हुकाजवळचा दांडा आत दाबला जातो आणि त्या दाबाने ब्रेक लागतो. वायर नाही, बटण नाही. चाचांना तो लगेच आवडला. पण घाटात मागची गाडी सगळा उतारभर रेलूनच असते. म्हणजे ब्रेक पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत घासत राहणार, तापणार, आणि सर्वांत जास्त गरज असेल तेव्हा ढिला पडणार. शिवाय चिखलातून मागे रेटताना त्याला वाटतं उतारच लागला, की तो चाकं धरून बसतो. दुसरा प्रकार विजेवरचा. तो ड्रायव्हरच्या हातात राहतो, हे चांगलं. पण त्याचे चुंबक चाकाच्या आत असतात, आणि नाव सोडताना ही चाकं दर वेळी पाण्यात जाणार. तिसरा मी घेतला. तेलाचा दाब देणारा विजेचा पंप पुढच्या दांड्यावर, पाण्यापासून वर. तिथून चाकांपर्यंत पाइप. चाकाला ड्रम नाही, उघडी डिस्क, म्हणजे पाणी आणि गाळ आत साठत नाही. पायाने पुढचा ब्रेक दाबला की मागचाही लागतो, आणि किती जोराने लागावा ते केबिनमधल्या एका फिरत्या बटणाने ठरतं. हुक तुटलाच तर एक बारीक तार ओढली जाते आणि मागची गाडी स्वतःच्या बॅटरीवर स्वतःला थांबवते. चाचा तीन दिवस कुरकुरले. मी तीन दिवस तेच उत्तर दिलं.

संस्थेला दिलेल्या कागदावर मी कारण लिहिलं: लांब उतार आणि पाण्याशी संपर्क. ते खरं आहे. पण एक दिवस असाही आहे जो मी त्या कागदावर लिहिला नाही. मी दहा वर्षांची आहे, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसले आहे, तुम्ही गिऱ्हाइकाची नवी ट्रॉली विटा भरून तपासायला नेत आहात. पुलाच्या उतारावर तुम्ही ब्रेक दाबता आणि ट्रॉली थांबत नाही; ती ट्रॅक्टरला मागून ढकलते, आधी सरळ, मग तिरकी. तुम्ही एका हाताने मला दंडाला धरता आणि दुसऱ्या हाताने स्टेअरिंग रस्त्याबाहेर वळवता. आपण मिरचीच्या पथारीत घुसतो. वाळत घातलेल्या लाल मिरच्या चाकांखाली कुटल्या जातात, निवडणाऱ्या बाया तोंडावर पदर धरून पळतात, सगळेच खोकत आहेत, आणि त्यातली एक ओरडते, "ओ मिस्तरी, मिरच्या कांडाले ट्रॅक्टर लई उनात का?" तुम्ही हसता. सगळे हसतात. मग तुम्ही बांधावर बसता, दोन्ही तळवे मांड्यांखाली घट्ट दाबून, आणि मी पाणी आणून देते तरी हात बाहेर काढत नाहीत. ही गोष्ट तुम्ही घरी विनोद म्हणून सांगितलीत. मीही तशीच सांगत आले, तळव्यांचा भाग गाळून. आणि पुढच्या सोमवारी तुम्ही तशीच ट्रॉली पुन्हा करायला घेतलीत. ब्रेकवाली कोणी घेतली नसती, हे मला माहीत आहे. तुम्हाला कळलेलं होतं, हेही मला माहीत आहे.

मंगळवारी आम्ही नाव चढवली, घाटमाथ्यावर नेली आणि तिथून खाली आणली. मी ड्रायव्हरशेजारी बसले होते. तीन वेळा थांबून मी डिस्कचं तापमान मोजलं, दुरून मोजायच्या बंदुकीने. तिसऱ्या वेळी त्याने खिडकीतून विचारलं, "ताप किती, ताई? गोळी देऊ का तिला?" ताप हवा तेवढाच होता. शेवटून दुसऱ्या वळणावर शेळ्या आडव्या आल्या. त्याने ब्रेक पूर्ण दाबला आणि मागून कोणी शर्ट धरून ठेवावा तशी पिकअप जागीच थांबली. धक्का नाही, तिरकेपणा नाही. शेळ्या निघून गेल्या. तो आरशात मागे बराच वेळ बघत राहिला. मी वहीत नोंद केली. मी केलेली निवड बरोबर होती, अब्बा. हे मी शंभर जणांसमोर सांगेन.

खाली सपाटीला लागल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली. "ताई, माझ्या भावाकडे ट्रॉली आहे. तुमच्याच दुकानाची, मिस्तरींच्या हातची. माझ्या लग्नाच्या वर्षी घेतलेली, अजून एक सांधा हलला नाही. दर आठवड्याला तो याच घाटाने उतरतो, पोरंबाळं वर बसवून. तिलाही असं काही बसवता येईल का? तशी धोक्याची आहे का ती?"

उत्तर मला माहीत होतं. दोन्ही प्रश्नांचं, एकेका शब्दात. तशा किती ट्रॉल्या अजून रस्त्यावर आहेत, तेही चाचांना विचारलं तर दुपारपर्यंत कळेल.

मी म्हणाले, "बघू."

आज शुक्रवार. सकाळी त्याला फोन करायला बसले होते. फोन समोर आहे. त्याऐवजी हे लिहिलं.